मॉड्युलर घर की मॅन्युफॅक्चर्ड घर: डिपॉझिट भरायच्या आधी काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

रॅली, केरी, मॉरिसव्हिल या भागात जागेवर बांधलेल्या घरांच्या किमती बघून आपल्यातली बरीच मंडळी आता थोडं लांब जमीन घेऊन फॅक्टरीत बनलेलं घर आणून बसवायचा विचार करतायत. विचार चांगला आहे, आम्हीही तेच केलं. पण दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो आणि गोष्ट तीच असते, रविवारी डीलरच्या लॉटवर गेलो, डिस्प्लेमधलं घर आवडलं, त्याच दिवशी डिपॉझिट भरलं, आता जमीन शोधतोय आणि काउंटी म्हणते हे घर इथे चालणार नाही. किंवा बँक म्हणते लोन देऊ पण या घराला नाही.

क्रम उलटा झाला की असं होतं. आधी जमीन, मग लोन, मग प्लॅन, आणि दोन घरांच्या किमतींची तुलना त्याच्याही नंतर. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते त्यामुळे काउंटी आणि कागदपत्रांबद्दल जे लिहिलंय ते इथलं आहे, तुमच्या राज्यात नावं आणि ऑफिसं वेगळी असतील. हड कोडबद्दलचं (हड म्हणजे केंद्र सरकारचं घरबांधणी खातं) मात्र सगळ्या अमेरिकेला लागू आहे.

## 1. समोर जे घर आहे ते नक्की कुठलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा

दोन्ही घरं फॅक्टरीतच बनतात, कधी एकाच फॅक्टरीत, कधी प्लॅनही सारखाच असतो, म्हणून गोंधळ होतो. फरक कुठल्या कोडप्रमाणे बांधलंय यात आहे.

मॅन्युफॅक्चर्ड घर केंद्र सरकारच्या हड कोडप्रमाणे बनतं. हा कोड 15 जून 1976 पासून लागू आहे, त्याच्या आधीच्या घराला मोबाइल होम म्हणतात आणि त्याला लोन मिळणं फार अवघड असतं. या घराच्या खाली लोखंडी चेसिस असते, ते स्वतःच्याच चाकांवर येतं, आणि चाकं काढली तरी चेसिस तशीच राहते.

मॉड्युलर घर तुमच्या राज्याच्या बिल्डिंग कोडप्रमाणे बनतं, म्हणजे शेजारी जागेवर बांधलेल्या घराला जो कोड तोच याला. घराचे तयार तुकडे, म्हणजे पेट्या, ट्रेलरवरून येतात आणि बहुतेक वेळा क्रेनने उचलून पक्क्या फाउंडेशनवर ठेवतात. नॉर्थ कॅरोलायनात मॉड्युलरला दिसण्याचेसुद्धा नियम आहेत, उदाहरणार्थ मुख्य छपराचा उतार 12 फुटाला निदान 5 फूट हवा. म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या फॅक्टरीचा स्वस्त प्लॅन सापडला तर तो इथे पास होतो का हे आधी विचारा.

आणि डबल-वाइड म्हणजे मॉड्युलर नव्हे. दोन तुकड्यांत आलेलं मॅन्युफॅक्चर्ड घर म्हणजे डबल-वाइड. ही चूक मी सगळ्यात जास्त ऐकते.

ओळखायचं कसं? घराच्या मागे जा आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बघा. साधारण 2 इंच बाय 4 इंचाची लाल धातूची पट्टी रिव्हेट करून लावलेली असेल तर ते मॅन्युफॅक्चर्ड, आणि डबल-वाइड असेल तर प्रत्येक तुकड्याला वेगळी पट्टी हवी. मग आत या. किचनच्या कपाटात, बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ एक मोठा कागद चिकटवलेला असतो, त्याला डेटा प्लेट म्हणतात, त्यावर फॅक्टरी, सिरियल नंबर, तारीख आणि वारा-बर्फाचे झोनचे नकाशे असतात. मॉड्युलरला लाल पट्टी नसते, आत राज्याचं लेबल असतं, बहुतेक पॅनेलजवळ किंवा सिंकखालच्या कपाटात.

ओळखीतलं एक कुटुंब मागच्या वर्षी जुनं घर बघत होतं, जाहिरातीत चक्क मॉड्युलर लिहिलेलं. मी सोबत गेले होते. मागच्या बाजूला झुडूप वाढलेलं, ते हाताने बाजूला केलं तर साइडिंगच्या रंगातच रंगवून टाकलेली पट्टी, नखाने थोडं खरवडलं तर खाली लाल. घर मॅन्युफॅक्चर्ड होतं. त्यांनी ड्यू डिलिजन्स फी, म्हणजे तपासणीच्या मुदतीसाठी विकणाऱ्याला द्यायचे पैसे, आधीच भरली होती, ती परत मिळाली नाही आणि बँकेने लोनच्या अटीही बदलल्या. झुडपामागे बघायला पाच मिनिटं लागली, ती फी भरायच्या आधी द्यायला हवी होती.

तपासा: पट्टीचा आणि डेटा प्लेटचा फोटो काढा, नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. जुन्या घराची पट्टी हरवली असेल तर नवीन पट्टी मिळत नाही, पण आयबीटीएस नावाच्या संस्थेकडून लेबल व्हेरिफिकेशनचं पत्र मिळू शकतं. ते विकणाऱ्याने आणून द्यावं असं ऑफरमध्येच लिहा.

सावधान: ऑन-फ्रेम मॉड्युलर नावाचा एक प्रकार आहे. कोड राज्याचाच, लेबलही मॉड्युलरचं, पण खाली लोखंडी फ्रेम कायम. काही बँका आणि अप्रेझर, म्हणजे घराची किंमत ठरवणारे, याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. विकणारा मॉड्युलर म्हणाला की पुढचा प्रश्न हाच विचारा, ऑन-फ्रेम की ऑफ-फ्रेम?

## 2. जमीन आधी, आणि जमिनीतही कागद आधी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण घर बदलता येतं, जमिनीचे नियम बदलता येत नाहीत.

पहिलं, डीडमधल्या, म्हणजे खरेदीखतातल्या, अटी. झोनिंग वेगळं आणि या अटी वेगळ्या, काउंटी हो म्हणाली तरी अट असेल तर शेजारी कोर्टात जाऊ शकतो. रजिस्टर ऑफ डीड्सच्या साइटवर जमिनीच्या जुन्या नोंदी घरबसल्या बघता येतात. त्यात मोबाइल होम चालणार नाही एवढंच लिहिलेलं असतं बऱ्याचदा, आणि त्यात मॅन्युफॅक्चर्ड येतं का, मॉड्युलर येतं का, यावर वाद होतात. स्वतः अर्थ लावू नका. इथे क्लोजिंग तसंही वकिलाकडूनच होतं, त्याच वकिलाला ऑफर देण्याआधी ते कलम वाचायला द्या, थोडे पैसे जातील पण द्या.

दुसरं, झोनिंग. काउंटीच्या प्लॅनिंग ऑफिसला फोन करा, पार्सल नंबर सांगा आणि दोन वेगळे प्रश्न विचारा, इथे मॉड्युलर चालेल का, आणि इथे मॅन्युफॅक्चर्ड चालेल का, चालत असेल तर सिंगल-वाइडही की फक्त डबल-वाइड. उत्तर ईमेलवर मागा. फोनवर कोणीतरी हो म्हणालं हे नंतर कुठेच कामाला येत नाही.

तिसरी गोष्ट माती, आणि आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात ती इथेच. शहराचं सांडपाणी नसेल तर सेप्टिक लागणार, आणि आपल्या भागातली लाल चिकणमाती पाणी नीट शोषत नाही, त्यामुळे दहा एकर जमीन असूनही सेप्टिकला योग्य जागा सापडली नाही असं होऊ शकतं. काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडून माती तपासून घ्यायची, किंवा लायसन्स असलेल्या सॉइल सायंटिस्टकडून. त्यानंतर इम्प्रूव्हमेंट परमिट, मग कन्स्ट्रक्शन ऑथोरायझेशन, आणि ते हातात आल्याशिवाय बिल्डिंग परमिट मिळत नाही.

सेप्टिकचा आकार बेडरूमच्या संख्येवर ठरतो. इथे दिवसाला एका बेडरूममागे 120 गॅलन धरतात, तीन बेडरूमला 360, चारला 480. परमिट तीन बेडरूमचं काढलं आणि नंतर आई-बाबांसाठी चौथी खोली प्लॅनमध्ये घातली तर परत पहिल्यापासून सगळं. म्हणून आधी घरात बसून ठरवा, पुढच्या दहा वर्षांत किती बेडरूम लागतील, आणि मातीची तपासणी त्या आकड्याने करा.

चौथं, पूर आणि रस्ता. फेमाच्या (केंद्र सरकारची आपत्तीची संस्था) नकाशात पत्ता टाकून जमीन कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा, फुकट आहे आणि काही मिनिटांत होतं. रस्त्याचं मात्र जागेवर जाऊन बघावं लागतं. पेटी चौदा-सोळा फूट रुंद आणि साठ फुटांच्या आसपास लांब असू शकते. वळण, छोटा पूल, आडव्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या तारा, चिखल, सगळ्याचे फोटो काढा. मॉड्युलरला क्रेन उभी करायला सपाट घट्ट जागा लागते आणि पेट्या थांबवायलाही जागा लागते, तारांच्या खाली क्रेन चालत नाही. मॅन्युफॅक्चर्ड ओढून आणता येतं म्हणून क्रेन सहसा नको, पण वळण तर तिथेही घ्यावंच लागतं.

तपासा: जमिनीची ऑफर देताना ड्यू डिलिजन्सचा काळ एवढा मागा की मातीचा रिपोर्ट त्याच्या आत येईल. काउंटीकडे रांग असते, त्यामुळे तारीख आधी विचारा आणि मग काळ ठरवा. फी परत मिळत नाही हे धरूनच चला.

सावधान: जमीन विकत न घेता लॉट भाड्याने घेऊन मॅन्युफॅक्चर्ड घर ठेवायचा पर्याय स्वस्त वाटतो. लॉटचं भाडं दरवर्षी किती वाढू शकतं, पार्क विकला गेला तर काय, घर जागेवरच विकता येईल का, ही तीन उत्तरं करारात शोधा. सापडली नाहीत तर सही करू नका, कारण घर तुमचं असलं तरी ते उचलून दुसरीकडे न्यायला खूप पैसे लागतात आणि एकदा बसवलेलं घर हलवलं की बऱ्याच बँका पुढे त्याला लोन देत नाहीत.

## 3. लोन: डीलरच्या टेबलावर नाही, आपल्या बँकेत आधी

मॅन्युफॅक्चर्ड घराला दोन प्रकारचं लोन मिळतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक जमीन आणि घर मिळून साधं मॉर्गेज. दुसरं चॅटल लोन, म्हणजे फक्त घरावर, गाडीच्या लोनसारखं. चॅटल लवकर पास होतं, कागद कमी, म्हणून डीलरकडे तेच पुढे केलं जातं. पण व्याज जास्त, मुदत कमी, आणि घराच्या मॉर्गेजला जी काही कायद्याची संरक्षणं मिळतात ती सगळी याला मिळत नाहीत. स्वतःची जमीन असूनही चॅटलवर सही केलेली माणसं मला माहीत आहेत, फक्त कोणी सांगितलं नाही म्हणून. विचारायचं वाक्य लक्षात ठेवा, हे लोन जमिनीसकट आहे का?

मॉर्गेज हवं तर घर पक्क्या फाउंडेशनवर पाहिजे, चाकं, ॲक्सल आणि ओढायचा हूक काढलेला पाहिजे, आणि एफएचएच्या, म्हणजे सरकारी हमीच्या, लोनला तर फाउंडेशनबद्दल इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. ते बसवल्यानंतर करून घ्यायला गेलात तर खोदकाम परत. इंजिनिअर आधी ठरवा.

फॅनी मेचा एमएच ॲडव्हांटेज आणि फ्रेडी मॅकचा चॉइसहोम असे दोन प्रोग्राम आहेत (फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून घरांची लोन विकत घेणाऱ्या संस्था), त्यात 3 टक्के डाउन पेमेंटवर मिळू शकतं आणि अप्रेझलही साध्या घरांशी तुलना करून होऊ शकतं. पण घर फॅक्टरीतूनच त्यासाठी पात्र म्हणून यावं लागतं, ठरलेल्या गोष्टी आणि वेगळं लेबल लागतं. नंतर गॅरेज बांधून ते मिळत नाही.

मॉड्युलरला साधं मॉर्गेजच, पण जमिनीवर घर उभं नसतं तेव्हा बहुतेकदा कन्स्ट्रक्शन-टू-पर्मनंट लोन घ्यावं लागतं, म्हणजे आधी बांधकामाचं लोन आणि घर झालं की त्याचंच मॉर्गेज. इथे एक अडचण नेहमी येते. बँक काम झालं की तपासून हप्त्याहप्त्याने पैसे सोडते, आणि फॅक्टरीला मात्र पेट्या गेटबाहेर पडायच्या आधी किंवा पोहोचल्या पोहोचल्या पूर्ण पैसे हवे असतात, म्हणजे तुमच्या जमिनीवर अजून काही उभं नसताना. बँकेला पहिल्याच भेटीत विचारा, मॉड्युलर फॅक्टरीच्या पेमेंटसाठी तुमचा ड्रॉ कसा असतो? समोरचा माणूस गोंधळला तर ती बँक मॉड्युलर फार करत नाही असं समजा आणि दुसरी बघा.

सावधान, एच-1बी आणि इतर व्हिसावाल्यांसाठी: 25 मे 2025 पासून एफएचएचं लोन ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांना मिळत नाही. फॅनी-फ्रेडीच्या लोनला कायदेशीर राहणाऱ्यांसाठी अशी सरसकट बंदी नव्हती, पण बँकेच्या स्वतःच्या अटी असतात. जुने व्हिडिओ आणि मित्रांचा 2023 चा अनुभव यावर विसंबू नका.

तपासा: दोन्ही प्रकारच्या घरांचा इन्शुरन्स कोट आताच मागवा. मॅन्युफॅक्चर्डला सहसा एचओ-7 प्रकारची पॉलिसी लागते, मॉड्युलरला नेहमीची एचओ-3. महिन्याच्या हप्त्यात हा फरक धरला नाही तर तुलना चुकते.

## 4. प्लॅन: आपल्या घरात जे लागतं ते फॅक्टरीला आधी सांगा

दिशा. वास्तू बघणारे असाल तर बहुतेक फॅक्टऱ्या प्लॅन आरशातल्यासारखा उलटा करून देतात, विचारलं की झालं. पण घराचं तोंड कुठे होणार हे सेप्टिकची जागा, हद्दीपासून सोडायचं अंतर आणि रस्ता यावर ठरतं, म्हणून साइट प्लॅन हातात आल्यावरच प्लॅन उलटा करायचा की नाही ते ठरवा.

किचन. हड कोडमध्ये किचनच्या हवेसाठी 100 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 100 घनफूट हवा बाहेर काढणारा पंखा हा किमान आकडा आहे. सुक्या मिरचीच्या फोडणीला तो पुरत नाही. मोठा हूड बाहेर काढलेल्या डक्टसकट फॅक्टरीतच घ्या. गॅसची शेगडी हवी असेल तर तेही आत्ताच, कारण न सांगितल्यास बऱ्याचदा इलेक्ट्रिकची जोडणी येते.

पायऱ्या. याचा विचार कोणी करत नाही. चेसिस आणि खालचे खांब धरून मॅन्युफॅक्चर्ड घराची फरशी जमिनीपासून तीनेक फूट वर जाते, क्रॉलस्पेसवरचं (घराखालची सरपटत जाण्याएवढी मोकळी जागा) मॉड्युलरही बरंच उंच असतं. माझ्या सासूबाई सहा महिने राहायला आल्या तेव्हा विमानाच्या थकव्यापेक्षा दारातल्या पाच पायऱ्यांनी त्या जास्त दमल्या, कठडा धरून एक पायरी, थांबणं, मग दुसरी. रॅम्प करायचा तर एक इंच उंचीला एक फूट लांबी धरतात, म्हणजे 36 इंचाला 36 फूट. एवढी जागा दारासमोर नंतर सापडत नाही. घरात वयस्कर माणसं येणार असतील तर रॅम्पची जागा साइट प्लॅनवर आत्ताच काढा, किंवा फाउंडेशन खाली घेता येतं का हे विचारा.

## 5. आता तुलना, पण दोन्ही किमती किल्ली हातात मिळेपर्यंतच्या

डीलर सांगतो ती घराची किंमत. मॉड्युलरचा बिल्डर सांगतो ती कधी फक्त पेट्यांची, कधी पूर्ण कामाची. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवून लोक म्हणतात मॅन्युफॅक्चर्ड सत्तर हजारांनी स्वस्त पडतं. समजा मॅन्युफॅक्चर्ड 1,20,000 डॉलर आणि मॉड्युलर 1,90,000. पहिल्यात एसीचं बाहेरचं युनिट, स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारं आवरण), पायऱ्या, सेप्टिक, विहीर, वीज यातलं काहीच नसेल आणि दुसऱ्यात फाउंडेशन, क्रेन, जोडकाम सगळं असेल, तर सत्तर हजारांच्या फरकाला अर्थच नाही.

एक कागद घ्या, उभ्या दोन रांगा करा आणि आडव्या ओळींत हे लिहा. प्रत्येक चौकटीत रक्कम किंवा करारात नाही असं लिहा, चौकट रिकामी ठेवू नका:

- झाडं काढणं, जमीन सपाट करणं, ड्राइव्हवेची खडी
- सर्व्हे, परमिट, इंजिनिअरची फी
- फाउंडेशन किंवा खांब-अँकर, आणि खालच्या जमिनीवरचं प्लास्टिक
- वाहतूक, एस्कॉर्ट गाड्या, क्रेन
- बसवणं, दोन भाग जोडणं, जोडावरचं साइडिंग-छप्पर-ड्रायवॉलचं काम
- एसी किंवा हीट पंप, बाहेरच्या युनिटसकट
- विहीर आणि पंप किंवा पाण्याचं कनेक्शन, सेप्टिक
- विजेच्या खांबापासून घरापर्यंतची लाइन
- पायऱ्या, डेक, स्कर्टिंग, गटर
- सेल्स टॅक्स, टायटल, इन्शुरन्स

विजेची ओळ बारकाईने बघा. रस्त्यापासून घर लांब आत असेल तर लाइन आणायचा खर्च मोठा असतो आणि तो कोणाच्याच कोटमध्ये नसतो.

रक्कम भरून झाली की खाली लोनचा महिन्याचा हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स, लॉटचं भाडं असेल तर ते, असं दोन्हींचं लिहा. चॅटलच्या व्याजाने घेतलेलं स्वस्त घर आणि मॉर्गेजवर घेतलेलं महाग घर यांचा महिन्याचा आकडा कधीकधी इतका जवळ येतो की निर्णयच बदलतो.

मग मला काय योग्य वाटतं? स्वतःची जमीन आहे, दहा वर्षं राहायचंय, आणि पुढे विकताना अप्रेझल शेजारच्या साध्या घरांशी व्हावं असं वाटत असेल तर मॉड्युलर घ्या. हातात पैसे कमी आहेत, डीडची काही अट नाही आणि जमिनीसकट मॉर्गेज मिळतंय तर चांगलं मॅन्युफॅक्चर्ड घर घ्यायला अजिबात कचरू नका. आपल्याकडे ट्रेलर म्हणून नाकं मुरडतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मला भीती फक्त चुकीच्या लोनची आणि वाईट बसवलेल्या घराची वाटते.

## 6. डिस्प्ले होममध्ये काय बघायचं

छान सोफा आणि दिवे सोडून द्या. फॅक्टरीचं छापील स्पेसिफिकेशन मागा आणि डीलरला एकेक वस्तू विचारा, हे स्टँडर्ड की ऑप्शन. भिंत दोन बाय चारची की दोन बाय सहाची, आतली भिंत पट्ट्या मारलेली पॅनेल की जोड भरून रंगवलेलं ड्रायवॉल, फरशीखाली ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला बोर्ड) की पार्टिकल बोर्ड (भुशाचा). पार्टिकल बोर्ड पाणी लागलं की फुगतो, बाथरूममध्ये तरी तो नको. प्रत्येक नळाखाली बंद करायचा व्हॉल्व्ह आहे का ते खाली वाकून बघा.

वाऱ्याचा झोन डेटा प्लेटवर बघा. किनाऱ्याजवळच्या काउंट्यांना झोन 2 किंवा 3 लागतो, म्हणजे ताशी 100 किंवा 110 मैलांच्या वाऱ्यासाठी बनवलेलं घर. झोन 1 चं घर तिथे बसवता येत नाही, आणि लॉटवरचं सवलतीतलं घर बऱ्याचदा झोन 1 चं असतं. विल्मिंग्टनकडे जमीन बघणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी बघा.

## 7. करार आणि पैसे

डिपॉझिट भरताना पावतीवर लिहून घ्या की जमिनीला परमिट किंवा लोन मिळालं नाही तर ते परत मिळेल. नॉर्थ कॅरोलायनात मॅन्युफॅक्चर्ड घराच्या खरेदीवर सही केल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतं. रद्द करायचं तर लेखी करा, फोनवर नाही.

मॉड्युलरमध्ये एक नाव शोधा, जनरल कॉन्ट्रॅक्टर कोण? फॅक्टरी पेट्या देते, फाउंडेशनवाला वेगळा, क्रेनवाला वेगळा, जोडकाम करणारा वेगळा, आणि फाउंडेशन इंचभर चुकलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. एकाच माणसाच्या सहीखाली सगळं असू द्या. इथे 40,000 डॉलर आणि त्यावरच्या कामाला जनरल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं, लायसन्स देणाऱ्या बोर्डाच्या साइटवर नाव टाकून बघा. मॅन्युफॅक्चर्ड बसवणाऱ्याला मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग बोर्डाचं लायसन्स लागतं, तेही बघा.

सावधान: फॅक्टरीचे फायनल ड्रॉइंग सही करायला येतात तेव्हा रात्री अकराला फोनवर बघून सही करू नका. छापून घ्या, खिडक्या, प्लग, दारं उघडायची बाजू, हूडचा डक्ट, सगळं बोट ठेवून वाचा, दोघांनी वाचा. सहीनंतरचा बदल महाग असतो किंवा होतच नाही.

## 8. घर येतं त्या दिवशी आणि त्यानंतरचा आठवडा

सुट्टी घ्या आणि तिथे थांबा.

घर यायच्या आधी जमीन बघा, पहिल्या दहा फुटांत घरापासून बाहेर उतार हवा, दर फुटाला निदान अर्धा इंच. मॅन्युफॅक्चर्डच्या खाली निदान 6 मिल जाडीचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिक अंथरलेलं पाहिजे. पावसानंतर जागेवर पाणी साचत असेल तर बसवणं थांबवा, नंतर खाली शिरून ते सुधारता येत नाही.

ट्रकवर असतानाच प्रवासाचं प्लास्टिक फाटलंय का बघा, विशेषतः जिथे दोन भाग जुळतात ती उघडी बाजू. छत ओलं असेल तर ट्रकचा ड्रायव्हर जायच्या आधी फोटो, त्याच्या कागदावर नोंद. पेटीच्या आत सुटं सामान येतं, साइडिंग, शिंगल्स, दारं, ट्रिम, त्याची यादी असते, यादी घेऊन मोजा. दाराच्या कोपऱ्यांत ड्रायवॉलला बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका, प्रवासात पडतात, जोडकामात भरून देतात, पण यादीत लिहा.

डबल-वाइड घेतलं असेल तर टॉर्च घेऊन खाली बघा, किंवा इन्स्पेक्टरला पाठवा. दोन्ही भागांच्या डक्टला जोडणारी एक जाड लवचिक नळी असते, क्रॉसओव्हर डक्ट. ती जमिनीला टेकलेली नसावी, पट्ट्याने वर बांधलेली, इन्सुलेशन असलेली आणि दोन्ही टोकांना घट्ट असावी. ती सुटली की गरम हवा जमिनीखाली जाते, अर्धं घर गार आणि विजेचं बिल दुप्पट, आणि लोक हीट पंप बदलत बसतात. घराच्या पोटाखालचं काळं कापड फाटलेलं असेल तर उंदीर शिरायच्या आधी चिकटवून घ्या.

तपासा: दोन भागांच्या जोडावरून, छतापासून फरशीपर्यंत, वारा असेल त्या दिवशी हात फिरवा. गार हवा लागली तर गॅस्केट नीट बसलेलं नाही. सगळी दारं उघडून सोडा, आपोआप फिरत असतील तर घर समतल नाही.

## 9. राहायला गेल्यावरचे कागद आणि तारखा

मॅन्युफॅक्चर्ड घराला सुरुवातीला गाडीसारखं डीएमव्हीचं (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) टायटल, म्हणजे मालकीचा कागद, असतं. जमिनीसकट एक मालमत्ता करायची तर ते टायटल रद्द करून त्याचं ॲफिडेव्हिट रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंदवावं लागतं. हे क्लोजिंगमध्ये वकिलाने केलं का, हे नक्की विचारा आणि नोंदीची प्रत घ्या. राहून गेलं तर पाच वर्षांनी रिफायनान्स करताना किंवा विकताना सगळं अडतं, आणि तोवर डीलरने दुकान बंद केलेलं असू शकतं. मॉड्युलरला डीएमव्हीचं टायटल नसतं, पण राज्याच्या लेबलचा फोटो आणि काउंटीचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट डीडसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.

कॅलेंडरवर दोन तारखा टाका. बसवल्यापासून साठ ते नव्वद दिवसांनी घर परत समतल आहे का ते तपासून घ्यायचं, नव्या जमिनीवर खांब थोडे बसतात, आणि हा खर्च कोणाचा ते करारात लिहिलेलं असतं. दुसरी तारीख अकराव्या महिन्यातली. मॅन्युफॅक्चर्ड घरात दोष सापडला आणि फॅक्टरी, डीलर, बसवणारा यांच्यात कोण दुरुस्त करणार यावर वाद झाला तर हडचा किंवा राज्याचा तंटा सोडवायचा प्रोग्राम असतो, पण दोष पहिल्यांदा बसवल्यापासून एका वर्षाच्या आत कळवलेला हवा. म्हणून अकराव्या महिन्यात एक शनिवार काढा, सगळे नळ, प्लग, खिडक्या, जोड, खालची नळी परत बघा, फोटोसकट यादी करा आणि तिघांनाही ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टने पाठवा. पोस्टाची पावती डेटा प्लेटच्या फोटोबरोबर त्याच फाइलमध्ये ठेवा.